संडासाची भीती: ठाणे-नवी मुंबईत राहून तिच्यातून बाहेर कसं पडायचं

बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. ऐरोलीच्या ऑफिसात आहेत, ठाण्याच्या कॉलेजात आहेत, मंगल कार्यालयात शेवटच्या पंगतीआधीच 'आम्ही निघतो हं' म्हणणाऱ्यांत तर नक्कीच आहेत. कारण विचारलं की उत्तर तयार असतं: 'बाहेरचे संडास किती घाण असतात!' यावर कुणी वाद घालत नाही, कारण ते बऱ्याचदा खरं असतं. भीतीला लपायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही. वर्षानुवर्षं ती या खऱ्या तक्रारीच्या आडोशाला बसून राहते, आणि घरच्यांनाच काय, खुद्द त्या माणसालाही ती कळत नाही.

मला स्वतःला हा त्रास कॉलेजपासून होता. त्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत हे फार उशिरा समजलं. ज्यांना नुकतीच शंका यायला लागली आहे की 'आपलं काहीतरी वेगळं आहे', त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली पायरी: घाण वेगळी काढा, भीती वेगळी काढा

एक साधी परीक्षा करा. आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी दुपारी वाशीच्या इनऑर्बिट किंवा ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये जा. त्या वेळी तिथलं टॉयलेट स्वच्छ असतं, बऱ्यापैकी रिकामं असतं, कडी लागते, पाणी येतं. तिथे तुम्ही निवांत जाऊन आलात, तर तुमची तक्रार खरोखर घाणीचीच आहे. मग ती महापालिकेकडे करा, आणि बिनधास्त करा. बायकांच्या सार्वजनिक मुताऱ्यांसाठी आपल्या राज्यात 'राईट टू पी' ही चळवळ उभी राहिली ती उगाच नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून सुलभवाला पैसे घेतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण तिथेही छातीत धडधडलं, शू आलीच नाही, किंवा दारापर्यंत जाऊन परत फिरलात, तर प्रश्न फरशीचा नाही. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली. त्याच शहरात राहणारी कितीतरी माणसं सानपाड्यात ऑफिसला जातात आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत एकदाही जात नाहीत.

दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. तसं असेल तरी चालेल, फक्त कुठलं किती हे स्वतःशी प्रामाणिकपणे मांडा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

दुसरी पायरी: आपली भीती नेमकी कशाची?

'संडासाची भीती' हे एक गाठोडं आहे. ते सोडलं की आत वेगवेगळ्या गोष्टी निघतात, आणि प्रत्येकीचा उपाय थोडा वेगळा असतो.

पहिली म्हणजे दुसरं कुणी जवळपास असलं की लघवी न होणं. आतून जोराची लागलेली असते, पण शेजारच्या मुतारीत माणूस उभा राहिला किंवा बाहेरून कुणी कडी वाजवली की सगळं बंद. याला पॅरुरेसिस म्हणतात. हा शब्द १९५४ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी वापरात आणला. आज हा त्रास सामाजिक चिंतेच्या विकारात धरला जातो. यात लाजाळूपणापेक्षा शरीराचा भाग मोठा आहे. भीती वाटली की धोक्याच्या वेळी जागी होणारी मज्जासंस्था मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळते आणि मूत्राशय ढिलं सोडते. म्हणजे दार बंद आणि ढकलणारं कुणी नाही. म्हणून 'जोर लाव' हा सल्ला इथे कुचकामी ठरतो. जोर लावला की खालचे स्नायू आणखी आवळतात.

दुसरी, तीच गोष्ट दोन नंबरच्या बाबतीत. आवाज होईल, वास येईल, लोक ओळखतील. पीजीत किंवा चाळीत सामायिक संडास असला की हे फार जाणवतं. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागांत नोकरीसाठी नव्याने येऊन चार-पाच जणांत एक संडास वापरणाऱ्या मुलामुलींना गावाकडे कधीच नसलेला हा त्रास इथे आल्यावर सुरू होतो.

तिसरी बरोबर उलटी: 'वेळेत पोचलोच नाही तर?' पोट सतत ढवळत असतं, आयबीएस (आतड्यांच्या कामातला जुनाट बिघाड) असतो किंवा एखाद्या वेळी खरंच फजिती झालेली असते. आपल्या लोकलमध्ये संडास नसतो, हे या माणसाच्या डोक्यात चोवीस तास असतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला जायला अर्धा तास लागतो, पण त्याच्यासाठी तो अर्धा तास परीक्षेच्या पेपरसारखा जातो. गंमत अशी की भीतीने आतड्यांची हालचाल वाढते, म्हणजे भीतीच कळ आणते, आणि मग माणूस म्हणतो, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?'

चौथी जंतूंची. हात धुणं संपतच नाही, घरी आल्यावर सगळे कपडे धुवायला, संडासात एकेक तास. हे ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार, असू शकतं आणि त्याला वेगळे उपचार लागतात. त्याबद्दल पुढे.

याशिवाय कुणाला कडी अडकून आत कोंडले जाऊ असं वाटतं, कुणाला पाल-झुरळाची धास्ती असते, लहान मुलांना फ्लशच्या आवाजाची. आणि काही जणांच्या भीतीमागे लहानपणी अशा बंद जागेत झालेला अत्याचार असतो. तसं असेल तर खालचा सराव एकट्याने सुरू करू नका. आधी तज्ज्ञाला भेटा.

तिसरी पायरी: शरीर तपासून घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण गाळू नका. लघवी अडखळत होते, जळजळते, रात्री चार-चारदा उठावं लागतं, शौचातून रक्त जातं, वजन उतरतंय, यांपैकी काही असेल तर आधी फॅमिली डॉक्टर. पन्नाशीपुढच्या पुरुषांत प्रोस्टेट, बायकांत मूत्रमार्गाचा संसर्ग, कुणाला मधुमेह, ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात. ओळखायची खूण सोपी आहे: घरी एकटे असताना सगळं व्यवस्थित होतं आणि बाहेरच अडतं, तर ते बहुधा भीतीचं असतं. घरीही अडत असेल तर यूरॉलॉजिस्टकडे जा.

तपासणीला गेल्यावरच पंचाईत होते, हे मला माहीत आहे. लॅबवाला डबी हातात देऊन म्हणतो, 'समोर बाथरूम आहे.' साध्या लघवी तपासणीला नमुना घरून आणलेला बहुतेक ठिकाणी चालतो. डबी आदल्या दिवशी घेऊन ठेवा. सोनोग्राफीला 'ब्लॅडर फुल करून या' सांगतात, तेव्हा सकाळचा पहिला नंबर मागा आणि फोनवरच सांगा की मला फार वेळ थांबता येत नाही. कारण विचारत नाहीत.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. मूत्राशय गच्च भरलंय, ओटीपोट दुखतंय आणि काही केल्या लघवी होत नाही, अशी वेळ आली तर घरी वाट बघत बसू नका, जवळच्या इस्पितळातल्या कॅज्युअल्टीत जा. नळी घालून पाच मिनिटांत सुटका करतात. त्यांच्यासाठी ते रोजचं काम आहे.

चौथी पायरी: भीतीला खाऊ घालणं कमी करा

या त्रासाची माणसं फार हुशार युक्त्या शोधतात. पाणी न पिणं, सकाळी न खाणं, मागच्या खोलीचा संडास कुठे आहे हे आधी विचारून ठेवणं, प्रवासाआधी तीन-तीनदा जाणं, नळ चालू ठेवून आवाज झाकणं, 'सुरक्षित' संडास असलेल्या स्टेशनवरच उतरणं. प्रत्येक युक्ती त्या दिवसापुरती कामाची असते. पण दर वेळी मेंदूला एकच धडा मिळतो: बरं झालं टाळलं, नाहीतर काही खरं नव्हतं. त्यामुळे पुढच्या वेळी भीती थोडी मोठी होऊन येते.

सगळ्यात आधी पाणी. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते, आणि उलट जास्त वेळा लागल्यासारखं वाटतं. संसर्गाचा आणि मुतखड्याचा धोका वाढतो तो वेगळाच. मूत्राशयात साधारण दीड-दोनशे मिलिलिटर जमलं की पहिली जाणीव होते. त्याची क्षमता तीनशे ते पाचशेच्या आसपास असते. दिवसातून सहा-आठ वेळा जाणं हे निरोगी माणसाचं लक्षण आहे, नाजूकपणाचं नाही. ऑफिसच्या वेळेत एक ग्लास वाढवा, पुढच्या आठवड्यात आणखी एक. एकदम बाटलीभर नको.

जंतूंबद्दल दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. कमोडच्या सीटवर बसल्याने एचआयव्ही होत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातल्या जंतूंमुळे होतो, आणि तुंबवून ठेवल्याने त्याला मदतच होते. खरा धोका हातांचा: साबणाने वीस सेकंद हात धुतले की बाहेरच्या संडासातून घरी येण्यासारखं फार काही उरत नाही. बायका सीटला न टेकता अर्धवट अधांतरी बसतात, त्यात मांड्यांबरोबर ओटीपोटाखालचे स्नायूही ताणलेले राहतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. टिश्यू टाका, पुसून घ्या, पण टेकून बसा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर हा प्रश्नच येत नाही, हे आपल्या जुन्या संडासांच्या बाजूने बोलायला हवं.

पाचवी पायरी: शिडी

इथे खरं काम आहे. तंत्र जुनं आणि भरवशाचं आहे: ज्याची भीती वाटते त्याला थोड्या थोड्या मात्रेत, ठरवून, पुन्हा पुन्हा सामोरं जायचं, आणि भीती आपोआप उतरेपर्यंत तिथून पळायचं नाही.

एक वही घ्या. भीती वाटणारे आठ-दहा प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० मध्ये गुण द्या. घणसोलीच्या पीजीत राहून ठाण्याला कामाला जाणाऱ्या, पॅरुरेसिस असलेल्या एखाद्या मुलीची शिडी अशी असू शकेल. खोलीत मैत्रीण गाणी ऐकत बसली असताना जाणं, १५. मैत्रीण गाणी बंद करून दाराजवळ उभी, ३०. ओळखीच्यांच्या घरी, ४०. ऑफिसात दुपारी साडेतीनला, म्हणजे सगळे चहाला गेल्यावर, ५०. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, ६५. मॉलमध्ये रविवारी संध्याकाळी, ७५. ठाणे स्टेशनवर पे अँड यूजमध्ये, बाहेर रांग असताना, ९०. आणि १०० ला: गणपतीला कोकणात जाताना एसटी थांबते तिथला ढाबा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. हे लिहिताना मला हसू आलं, कारण माझी सर्वांत वरची पायरी जवळजवळ हीच होती. वडखळ ते माणगाव हा रस्ता ज्याने भरल्या पोटी पार केलाय त्याला अधिक सांगायला नको.

सुरुवात तीस-चाळीसच्या आसपासच्या पायरीपासून करा. अगदी खालच्या पायरीवर काही शिकायला मिळत नाही आणि वरच्या पायरीवर माणूस हबकतो. लघवीचा सराव करताना आधी पाणी पिऊन जोराची लागू द्या. मग जा, थोडी करा, थांबवा, बाहेर या, दोन-तीन मिनिटांनी परत जा. एका तासात असे पाच-सहा फेरे होतात. हे मधेच थांबवणं फक्त सरावापुरतं आहे, एरवी सवय करू नका. एकेक पायरी आठवड्यातून दोन-तीनदा करा. भीतीचा आकडा निम्म्यावर आला की वरची पायरी.

मदतनीस हवा. भाऊ, मैत्रीण, नवरा, कुणीही चालेल, पण टिंगल न करणारं आणि घाई न करणारं. सुरुवातीला ते लांब उभे राहतात, मग जवळ येतात, मग मुद्दाम दारावर टकटक करतात. हा प्रकार दोघांनाही विनोदी वाटायला लागतो, आणि विनोद सुरू झाला की निम्मं काम होतं.

लघवी झाली नाही तर? तीन-चार मिनिटं शांत थांबा, मग बाहेर या, आणि थोड्या वेळाने एक पायरी खाली करून या. तिथे उभं राहणं हाही सरावच आहे. 'झाली की पास, नाही झाली की नापास' असं मोजलं तर शिडीच भीतीदायक होईल. श्वास सोडून तो काही सेकंद रोखण्याची एक पद्धतही आहे. त्याने खालचे स्नायू सैल पडतात आणि कित्येकांना फायदा होतो. पण हृदयविकार, रक्तदाब, दमा किंवा गरोदरपण असेल तर ती नको, आणि इतरांनीही पहिल्यांदा थेरपिस्टसमोरच शिकावी.

पोचायची भीती असणाऱ्यांची शिडी अंतराची: ठाणे ते ऐरोली, मग कोपरखैरणे, मग वाशी, मग पनवेल. आधी खाऊन निघायचं आणि मधे उतरायचं नाही. त्याआधी पोटाच्या डॉक्टरांकडून आयबीएसचं बघून घ्या. ओसीडीवाल्यांनी मात्र शिडी स्वतः रचू नये. त्यांना बाहेर जाऊन आल्यावर *न धुण्याचा* सराव करावा लागतो, आणि तो तज्ज्ञाच्या हाताखालीच नीट होतो.

सहावी पायरी: मदत कुठे मिळेल

महिना-दीड महिना प्रयत्न करूनही हालचाल नसेल, किंवा यापायी नोकरी, शिक्षण, लग्नकार्य टाळत असाल, तर वाट बघू नका.

घरबसल्या सुरुवात करायची तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. समोरासमोर तोंड उघडत नाही अशांसाठी ही चांगली पहिली खिडकी आहे.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. समुपदेशन आणि मानसोपचार दोन्ही एका छताखाली. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे केस पेपर काढून दाखवता येतं. नवी मुंबईकरांना नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जवळ पडतात. आणि हो, ठाण्याचं मनोरुग्णालय. १९०१ पासून ते तिथे आहे, आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा आपला पिढीजात विनोद. तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो. चिंतेसाठी, झोपेसाठी औषध घेऊन माणसं दुपारी कामावर जातात. त्या विनोदापायी तिकडे न जाणं परवडणारं नाही.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. फोन करताना एवढंच विचारा: 'तुम्ही सीबीटी करता का? फोबियासाठी एक्सपोजर करून घेता का?' सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, आणि एक्सपोजर म्हणजे वरच्या शिडीसारखा सराव. नुसतं 'पॉझिटिव्ह विचार करा' ऐकायला पैसे घालवू नका. उपचार साधारण दोन-तीन महिने, आठवड्यातून एकदा चालतात. औषध दिलं तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ते मनाने बंद करायचं नसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. मात्र तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का ते वाचून घ्या.

पहिल्या भेटीत जीभ रेटत नसेल तर कागदावर लिहून न्या. 'बाहेर कुणी असलं की मला लघवी होत नाही, अमुक वर्षांपासून, त्यामुळे मी हे हे टाळतो.' हा कागद टेबलावर सरकवला तरी पुरतं.

घरात आणि ऑफिसात

सगळ्यांना सांगायची गरज नाही. घरात एकाला सांगा. 'इतकं काय नाजूक' असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं. त्याला शेवटी सांगा किंवा सांगूच नका. ऑफिसात 'मला पोटाचा त्रास आहे, मीटिंगमधून मधे उठावं लागतं' एवढं पुरे. कारखान्यात काम करत असाल तर शौचालयाची आणि मुतारीची सोय देणं हे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, ती मेहेरबानी नव्हे.

मूल शाळेत संडासला जात नसेल आणि घरी आल्या आल्या संडासाकडे पळत असेल तर रागावू नका. मुलं शी दाबून ठेवतात, मग ती घट्ट होते, दुखते, म्हणून आणखी दाबतात. पुढे चड्डी खराब व्हायला लागते आणि घरच्यांना वाटतं मुद्दाम करतोय. बालरोगतज्ज्ञाकडून आधी बद्धकोष्ठता घालवा. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा, कमोड उंच असेल तर पायाखाली पाट द्या. आणि वर्गशिक्षिकेला भेटून मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं सोडायला सांगा, तेव्हा तिथे गर्दी नसते.

लोकल मधेच थांबली तर

पावसाळ्यात हे होणारच, म्हणून तयारी आधीच असू द्या. बॅगेत टिश्यू, साबणाची पट्टी, एक जादा अंतर्वस्त्र आणि काळी पिशवी. पोटाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून एक गोळी जवळ ठेवावी. प्रवासात वापरायचे डिस्पोजेबल लघवीचे पाऊच औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतात. ही पिशवी रोज उघडून तपासायला लागलात तर मात्र तीही वर सांगितलेल्या युक्त्यांत जमा झाली, असं समजा. जून ते सप्टेंबर बाळगा, एरवी घरी ठेवा. गाडी कळवा खाडीवर किंवा मानखुर्दपुढे अडकली तर रुळांवर उतरू नका, शेजारचा ट्रॅक चालू असतो. शेजारच्या बाईला किंवा माणसाला सरळ सांगा की मला जोराची लागली आहे, जरा बोलत राहा. लोकलचे लोक बोलायला कधी नाही म्हणत नाहीत. पुढचं स्टेशन आलं की उतरा, जाऊन या, मागची गाडी पकडा.